मेणवलीचा वाडा: एका फडणिसाच्या घराचे प्रकरण

वाईहून धोमच्या वाटेला लागले की सुमारे तीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी मेणवली हे लहानसे गाव लागते. गावात शिरल्यावर उंच, जवळजवळ आंधळ्या भिंतींची एक मोठी वास्तू दिसते. तिच्या मागच्या अंगाला दगडी घाट, घाटावर दोन देवळे आणि त्यांच्या सोबतीला एक पोर्तुगीज घंटा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात मराठी राज्याचा कारभार ज्यांच्या हाती एकवटला, त्या बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचा हा वाडा. त्यात सहा चौक आहेत, भिंतींवर मराठा शैलीची चित्रे आहेत आणि तो आजही घराण्याच्या खासगी मालकीत आहे.

हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण साधे आहे. ज्या पुण्यात नानांनी आयुष्यातला बहुतेक काळ काढला, तेथील पेशवाईचे मोठे वाडे एकामागून एक गेले. शनिवारवाड्यातील इमारती फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जळाल्या आणि आज तेथे तट, दरवाजे व जोती एवढेच उरले आहे. बुधवारवाडा १८७९ मध्ये भस्मसात झाला, आणि त्याच वर्षी विश्रामबागवाड्याचाही काही भाग आगीत गेला. नानांच्या स्वतःच्या पुण्यातील वाड्यात पुढे शाळा भरू लागली. खेड्यातला वाडा मात्र आपल्या चौकांसह आणि चित्रांसह उभा राहिला. ‘आडबाजूला होता म्हणून वाचला’ हे याचे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण आडबाजूचे असे कितीतरी वाडे आज नुसत्या पडक्या भिंती होऊन राहिले आहेत. मेणवलीचा वाडा कशासाठी बांधला गेला, त्या हेतूने त्याची रचना कशी ठरली आणि बांधणारा गेल्यावर तो कोणाच्या हाती राहिला, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्याच्या टिकण्याचा अर्थ लागत नाही.

आधी शब्दांचा एक घोळ दूर केलेला बरा. खेड्यातील कोणत्याही जुन्या मोठ्या घराला आपण सरसकट वाडा म्हणतो, पण गढी आणि वाडा या वेगळ्या वस्तू आहेत. देशमुख किंवा पाटील यांची गढी बहुधा गावातल्या उंचवट्यावर असते. तिला बुरूज असतात, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि अजस्र जाडीच्या असतात, आणि लुटारूंची टोळी किंवा शेजारचा सरदार चालून आला तर आत माणसे आणि धान्य घेऊन तग धरणे हा तिचा पहिला उपयोग असतो. वाडा हे प्रथम राहण्याचे आणि कारभाराचे घर. संरक्षण त्यात असते, पण ते दरवाजाच्या बंदोबस्तापुरते आणि बाहेरच्या भिंतीला खिडक्या न ठेवण्यापुरते. मेणवलीची वास्तू या दुसऱ्या जातीची आहे. तिचा धनी गावचा वतनदार नव्हता. तो बाहेरून आलेला इनामदार होता, आणि या एका गोष्टीने पुष्कळसे ठरते.

इनाम कोणी दिले आणि का

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ भटांबरोबर देशावर आले आणि १७१९ मध्ये दिल्लीच्या दंगलीत मारले गेले. फडणिशी घराण्यात राहिली. १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात जन्मलेल्या नानांकडे ती वडिलांच्या मृत्यूनंतर, वयाच्या चौदाव्या वर्षी आली. १७६० मध्ये आईला तीर्थयात्रा घडवावी म्हणून ते सैन्याबरोबर उत्तरेत गेले, १७६१ मध्ये पानिपतावरून जीव वाचवून परतले, आणि आई मात्र त्या धुमाळीत कायमची अंतरली. पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत हिशेबाची घडी बसवण्याचे काम करता करता त्यांचे वजन वाढत गेले.

‘फडणवीस’ हा शब्द ‘फर्दनवीस’ या फारसी शब्दावरून आला आहे. फर्द म्हणजे कागदाचा बंद आणि नवीस म्हणजे लिहिणारा. सरकारच्या जमाखर्चाचा प्रत्येक बंद ज्याच्या नजरेखालून जातो, त्याला राज्यातल्या प्रत्येक माणसाची नाडी आपोआप कळते. साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धे म्हटले गेले ते त्यांना तलवार चालवता येत नव्हती म्हणून. पण हा अर्धेपणा वास्तूच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो, कारण मेणवलीचे घर तलवारबहाद्दराचे नाही ही गोष्ट त्यातून चटकन ध्यानात येते.

मेणवली हे गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. ते देणारे होते औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री. प्रतिनिधी आणि मंत्री ही दोन्ही पदे साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारची, मानाने पेशव्याच्या बरोबरीने बसणारी. त्या पदांवरील माणसांनी पेशव्याच्या एका सव्वीस वर्षांच्या कारकुनी अधिकाऱ्याला आपल्याकडचे गाव द्यावे, यातच त्या काळी सत्तेचा काटा कोणीकडे झुकला होता ते दिसते. हा व्यवहार केवळ कृपेचा नव्हता, हिशेब तपासणाऱ्याची मर्जी राखण्याचाही होता, असे माझे मत आहे. अठराव्या शतकातील इनामांच्या कागदांत अशी उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

इनाम गाव, म्हणजे त्या काळच्या भाषेत दुमाला गाव, याचा अर्थ गावची जमीन इनामदाराच्या मालकीची झाली असा नव्हे. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणारे कुणबी, आपापल्या शेतांवर कायम होते. पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार यांची वतने पूर्वीसारखीच चालत होती. बदलले ते एवढेच, की जो सारा सरकारात जायचा तो इनामदाराच्या दारी येऊ लागला. वसूल रोकड असो वा धान्य, ते मोजून घ्यायला, साठवायला आणि त्याचा कागद करायला जागा हवी. मेणवलीसारखा वाडा ही गरज भागवतो. इनामदाराने वर्षातून काही दिवस तेथे राहावे आणि बाकीचे दिवस त्याच्या कारकुनाने तो चालवावा, अशी ही व्यवस्था होती.

गावाची जागाही नीट पाहण्यासारखी आहे. वाई हे ब्राह्मणवस्तीचे, विद्येचे आणि रास्त्यांसारख्या सावकार-सरदारांचे गाव; तेथील ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ चे, म्हणजे मेणवलीच्या इनामाआधी सहाच वर्षांचे. वाईहून एक रस्ता साताऱ्याला छत्रपतींच्या राजधानीकडे जातो, एक पुण्याकडे, आणि पश्चिमेची वाट सह्याद्री ओलांडून प्रतापगडाखालून महाडकडे, म्हणजे भानूंच्या मूळ कोकणाकडे उतरते. साताऱ्याचे छत्रपती, पुण्याचे पेशवे आणि कोकणातले आप्त या तिन्ही दिशांना जोडणाऱ्या वाटांच्या जवळ, पण प्रत्यक्ष वाटेवर नाही, असे हे ठिकाण आहे. पुढे १७९६ मध्ये या भूगोलाचा उपयोग कसा झाला ते खाली येईलच.

चौकांची भाषा

नानांनी मेणवलीत वाडा, घाट आणि देवळे ही तीन कामे केली, आणि ती सुटी सुटी पाहिली तर समजत नाहीत. घराचा एक दरवाजा गावाकडे उघडतो, मागची बाजू नदीकडे जाते. पुढच्या दाराने वसूल, वाटसरू, जासूद आणि गावकरी यायचे. मागच्या दाराने घरची माणसे स्नानाला आणि देवदर्शनाला जायची. या दोन टोकांमध्ये सहा चौक बसवलेले आहेत. एवढ्या मोठ्या वास्तूला बाहेरून दर्शनी भाग असा जवळजवळ नाही, आणि जे काही दाखवायचे ते आत दाखवलेले आहे.

चौकाचे महत्त्व आजच्या वाचकाला सांगावे लागते, कारण आपण खोल्या मोजतो. वाड्यातला माणूस चौक आणि खण मोजत असे. चौक म्हणजे वर आभाळ उघडे असलेली मोकळी जागा, तिच्या चारी बाजूंना खांबांवर उभे असलेले सोपे आणि सोप्यांच्या मागे खोल्या. उजेड, वारा आणि पावसाचे पाणी ही तिन्ही चौकातूनच घरात येतात, म्हणून बाहेरची भिंत आंधळी ठेवता येते. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. लाकडी तुळई जेवढा भार वाकल्याशिवाय पेलते त्यावर हे अंतर ठरते, आणि मग सोप्याची लांबी, खोलीची रुंदी, अगदी जिन्याची जागासुद्धा खणाच्या पटीत येते. एका अर्थाने अख्खे घर सागवानी तुळईच्या ताकदीने आखलेले असते.

अशा वाड्यात पहिल्या दरवाजाशी देवड्या असतात. पहारेकरी तेथे बसत, आणि दाराच्या मोठ्या फळीतील लहान दिंडीतून वाकून आत येणाऱ्याला ते आधी पाहून घेत. दार मिटले की भिंतीच्या पोकळीतून ओढून घेतलेला लाकडी अडसर त्याला आडवा पडतो. बाहेरच्या चौकात सदर, म्हणजे कारभाराची बैठक. तेथे कोणीही येऊ शकत असे. त्याच्या आत गेले की येणाऱ्यांची संख्या आणि दर्जा चौकागणिक गाळला जातो. कारकून एका चौकापर्यंत, आप्त त्याच्या पुढच्या चौकापर्यंत, आणि माजघर, देवघर, मुदपाकखाना व बायकांच्या वावराचा चौक घरच्यांसाठी. इमारतीत कुठेही पाटी नसताना कोणी कुठवर जायचे हे उंबरठेच सांगत. सहा चौकांचा वाडा म्हणजे अशा परवानगीच्या सहा पायऱ्या, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्या माणसाच्या हयातीचा मोठा भाग कोणाला काय कळू द्यायचे हे ठरवण्यात गेला, त्याच्या घराला ही रचना शोभून दिसते. अर्थात ती नानांनी शोधलेली नव्हे. देशावरचा प्रत्येक मोठा वाडा याच व्याकरणाने चालतो. मेणवलीत ते व्याकरण एका खेड्यात, शहराच्या दाटीचा अडथळा नसताना, सवडीने लिहिलेले सापडते एवढाच फरक आहे.

आता बांधकामाकडे वळू. जोते काळ्या पाषाणाचे, म्हणजे दख्खनच्या बसाल्टचे. हा दगड या भागात पावलोपावली मिळतो आणि तो ओल शोषत नाही. जोत्यावरच्या भिंती जाड, आणि त्या जाडीचा उपयोग पुरेपूर केलेला असतो. कोनाडे, दिवळ्या, भिंतीतली कपाटे एवढेच काय, अशा वाड्यांत वर जाणारा अरुंद जिनाही कित्येकदा भिंतीच्या पोटातून चढतो, आणि त्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. खांब सागवानी असून प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर बसवलेला असतो, जेणेकरून जमिनीतली ओल आणि वाळवी थेट लाकडाला लागू नये. खांबाच्या माथ्यावर कोरीव हस्त, त्यावर तुळई, तुळईवर जवळजवळ लावलेल्या कड्या आणि कड्यांवर पाट, अशी कडीपाटाची तक्तपोशी. तिच्यावर मातीचा थर देऊन वरच्या मजल्याची जमीन केली जाते. ती उन्हाळ्यात खालच्या खोलीला थंड ठेवते, पण पावसाळ्यात छपरातून एकदा का पाणी झिरपले की हीच माती ओल धरून ठेवते आणि कड्या आतून कुजतात. वाडे बहुधा भिंतींमुळे पडत नाहीत, छपराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पडतात.

भिंती सांधायला आणि लिंपायला चुना. घाणीत बैल फिरवून चुना आणि वाळू दिवसेंदिवस मळली जाई, आणि गवंड्यांच्या परंपरेप्रमाणे त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचे पाणी घातले जाई. चुन्याचा गिलावा हवेतला कर्बवायू शोषून वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो, आणि त्याच वेळी भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. दोनशेहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या भिंतींवर रंग टिकून राहिले याचे श्रेय चित्रकाराइतकेच या गिलाव्याला आहे.

छपरांविषयी एक उपयुक्त खूण नोंदवून ठेवतो. सपाट, खाचेची, यंत्रात दाबून केलेली कौले, ज्यांना आपण मंगलोरी म्हणतो, ती बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतरची आहेत. तेव्हा कोणत्याही पेशवाईकालीन वाड्यावर अशी कौले दिसली तर ते छपर निदान एकदा तरी बदललेले आहे असे खुशाल धरावे. पाहणाऱ्यांना यात निराशा वाटते. मला ती दुरुस्ती झाल्याची पावती वाटते, कारण ज्या वाड्यांची कौले कोणी बदलली नाहीत ते आज पाहायलाच उरलेले नाहीत.

भिंतींवरची चित्रे, काठावरची घंटा

वरच्या मजल्यावरील नानांच्या दालनाचा आणि तेथील पलंगाचा उल्लेख प्रत्येक पाहुण्याच्या वर्णनात येतो. माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत ती भिंतीवरची चित्रे. गणपती, विष्णू आणि कृष्णकथा असे त्यांचे विषय असून रेषा ठसठशीत, रंग मोजके आणि आकृत्या भरीव आहेत. राजस्थानी लघुचित्रांची ओळख या चित्रकारांना होती हे दिसते, पण स्त्रियांचे नेसणे आणि पुरुषांच्या पगड्या इथल्याच. वाईच्या परिसरात रास्त्यांच्या मोतीबागेतही अशी भित्तिचित्रे आहेत, त्यामुळे एका लहानशा टापूत, एकाच पिढीत, चित्रकारांना काम देणारी घरे एकमेकांच्या शेजारी होती असे म्हणता येते. युद्धप्रसंगांची मिरवणूक न करता देवादिकांवर भर देणे ही नानांच्या वृत्तीशी जुळणारी गोष्ट आहे. पुण्यात त्यांनी बांधलेले बेलबागेचे देऊळही विष्णूचेच.

घाटाकडे उतरताना आणखी एक निसर्गाचे गणित लक्षात घ्यावे लागते. मेणवलीत पडणारा पाऊस बेताचा. पण कृष्णा जेथे उगम पावते ते महाबळेश्वर फार दूर नाही आणि तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. गावावर आभाळ स्वच्छ असताना नदी दुथडी भरून येऊ शकते, अशी ही जागा आहे. म्हणून वाडा काठापासून वर उचललेला, आणि काठ अर्धचंद्राकार वळणाच्या दगडी पायऱ्यांनी बांधून काढलेला. घाट ही स्नानाची सोय खरीच, पण पुराच्या पाण्याने काठ खचून वाड्याच्या पायाशी येऊ नये यासाठी घातलेला बंधाराही तोच आहे. आज वरच्या अंगाला धोमचे धरण असल्यामुळे घाटावरचे पाणी पावसापेक्षा विसर्गाच्या वेळापत्रकावर चढते-उतरते.

घाटावर विष्णूचे आणि मेणेश्वराचे अशी दोन देवळे आहेत. मेणेश्वराजवळच्या छोट्या दगडी वास्तूत टांगलेली घंटा पाहायला लोक मुद्दाम येतात. ती पंचधातूची असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या देवळांना दिल्या गेल्या. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्याच जातीची. मेणवलीच्या घंटेबद्दल मात्र एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता, आणि गाव त्यांच्याकडे आले ते त्यानंतर एकोणतीस वर्षांनी. तेव्हा ही घंटा चिमाजी अप्पांनी मेणवलीला दिली असे जे सांगितले जाते, ते तारखांच्या कसोटीला उतरत नाही. ती मधली किमान एकोणतीस वर्षे दुसरीकडे असली पाहिजे, आणि नानांनी आपले देऊळ उभे केल्यावर कुठून तरी मागवून घेतलेली असली पाहिजे. विजयाची वस्तू विजय मिळवणाऱ्याकडून हिशेबनीसाकडे कशी सरकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

घरधनी नसलेले घर

नारायणरावांचा ऑगस्ट १७७३ मधील खून, बारभाईंचे कारस्थान, पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म, इंग्रजांशी पहिले युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह, असा तो काळ. पुणे सोडून कृष्णाकाठी निवांत राहण्याची सवड नानांना मिळणे शक्यच नव्हते. वाड्याच्या झिजेचा विचार करताना हा मुद्दा निसटू नये. राजधानीतल्या वाड्यात रोज शेकडो माणसे वावरत, सत्ता बदलली की दालने मोडून नवी होत. मेणवलीत ती हलवाहलव झाली नाही.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वारसाहक्काच्या झगड्यात नानांची बाजू लंगडी पडली. १७९६ मध्ये त्यांनी पुणे सोडले, आधी पुरंदर आणि सातारा गाठले, मग वाईत मुक्काम केला, आणि धोका जवळ येताच सह्याद्री उतरून महाडला गेले. जाताना प्रतापगडाची शिबंदी बळकट करून मागची वाट बंद केली. इनामाचे गाव निवडताना पाहिलेला भूगोल अठ्ठावीस वर्षांनी असा कामाला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुण्यात परतले, पण ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना कैद केले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये सुटून ते पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

मागे राहिल्या त्या त्यांच्या तरुण पत्नी जिऊबाई. दुसऱ्या बाजीरावाचा नानांच्या संपत्तीवर डोळा होता. जिऊबाईंनी नानांच्या विश्वासातले किल्लेदार धोंडोपंत निजसुरे यांच्या आश्रयाने लोहगडावर काही काळ काढला. १८०३ च्या सुमारास जनरल वेलस्ली यांच्या मध्यस्थीने त्यांना सुरक्षिततेचे वचन आणि सालीना १२,००० रुपयांचे वेतन मिळाले, आणि त्या पनवेलला जाऊन राहिल्या. पेशवाई संपल्यावर मेणवली घराण्याकडे राहिली आणि पुढे दत्तकाच्या वंशात चालत आली. पुण्यातील वाडे ज्या क्षणी सरकारी झाले, त्या क्षणापासून ते कचेरी, तुरुंग, शाळा, दवाखाना अशा जो उपयोग पुढे येईल त्याच्या हवाली झाले. मेणवलीचे घर घरच राहिले, चूल पेटत राहिली, आणि चुलीचा धूर कडीपाटाला लागत राहिला म्हणून कीडही कमी लागली. हे शेवटचे कोणत्याही जुन्या घरातली आजी सांगेल.

रुमालांची गोष्ट

नानांचा खासगी पत्रव्यवहार आणि निवडक सरकारी कागद याच वाड्यात होते. मोडीत लिहिलेले हे कागद कापडात बांधून ठेवलेले असत. दफ्तराच्या भाषेत अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. सरकारी पेशवे दफ्तर पुण्यात इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्याच्या सुमारे ३९,००० रुमालांवर दीर्घकाळ सरकारचा पहारा राहिला. मेणवली दफ्तर मात्र खासगी घरात असल्यामुळे अभ्यासकाच्या हाती आधी लागले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७० ते १९२६) यांनी ते मिळवले, ‘इतिहाससंग्रह’ या आपल्या मासिकातून जुने कागद छापले, आणि साताऱ्यात आपल्या संग्रहासाठी वस्तुसंग्रहालय उभे करवले. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

या कागदांमुळे नानांचा इतिहास लिहिता आला हे सर्वज्ञात आहे. वास्तूच्या बाजूने पाहिले तर आणखी काही दिसते. कागद शतकभर टिकायचा तर कोरडा माळा, वाळवीपासून अंतर, आणि दर पावसाळ्यानंतर रुमाल सोडून ऊन दाखवणारे कोणीतरी लागते. म्हणजे ज्या घरात कागद टिकला, त्या घराचे छपर त्या काळात फार गळत नव्हते. वाड्याच्या दुरुस्तीचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

विसाव्या शतकाचा भार

वाड्यापुढचे खरे संकट स्वातंत्र्यानंतर आले. सातारा जिल्ह्यात गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत खेड्यापाड्यांतले अनेक वाडे राख झाले. हा उभा राहिला. पण त्याच वर्षीचा कूळकायदा आणि १९५२ चा वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा यांनी ज्या उत्पन्नावर असे घर चालत असे तो आधारच काढून घेतला. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्याय्यच झाले. मात्र सहा चौकांची कौले परतणे, तुळया बदलणे, चुन्याने भिंती लिंपणे हे सारे काम पूर्वी गावाच्या साऱ्यातून होत होते, आणि त्याच्या जागी दुसरी तरतूद कोणीच केली नाही. एका कुटुंबाने आपल्या नोकरी-व्यवसायाच्या कमाईतून अठराव्या शतकातल्या इनामदाराचे घर सांभाळावे, अशी अपेक्षा समाज करतो, आणि वर ते सर्वांना पाहायला खुले असावे असेही म्हणतो.

गेल्या तीन दशकांत चित्रपटवाल्यांनी या घाटाला आणि वाड्याला प्रसिद्धी दिली. चित्रीकरणाचे भाडे येते, पर्यटक येतात, गावात चहाच्या टपऱ्या चालतात. पण कॅमेऱ्याला ‘जुने’ दिसायला हवे असते, आणि दुरुस्त केलेली भिंत त्याला नकोशी असते. शिवाय घाईत सिमेंटचा गिलावा मारण्याचा मोह जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत सगळीकडे दिसतो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आतल्या आत वर चढते, चुन्याचा जुना थर फुगतो आणि प्रथम जाते ते चित्र. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळणे, सागवानाची जुन्या मापाची तुळई मिळणे आणि ते करवून घेण्याइतका पैसा एका वेळी हाती असणे, या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत एखादा पावसाळा निघून जातो.

आज वाडा कृष्णाकाठी आहे आणि त्याचे कागद पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात. वास्तूचे नकाशे काढणारे विद्यार्थी मेणवलीला जातात, मोडी वाचणारे अभ्यासक येरवड्याला. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत बसून झाले, ते गाव या वाड्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर आहे. पेशवाईतली बांधकामे किती काटेकोर हिशेबाने होत, याची साक्ष शनिवारवाड्याच्या मूळ इमारतीच्या खर्चाचा १६,११० रुपये असा पक्का आकडा देतो. फडणिसाने स्वतःचे घर बांधताना गवंडी, सुतार, बेलदार यांच्या मजुरीचा कागद केला नसेल हे मानणे अवघड आहे. मेणवलीच्या भिंतींची मापे घेऊन झाल्यावर पुढचा शोध त्या रुमालांतच घ्यायला हवा.